चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला
ऑनलाइन लिलाव आणि टपालहशिलाचा हिशेब

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी बडोदे शहरात शिरले, तेव्हा आमच्या तळमजल्यावरील पुस्तकांचे कपाटही पाण्याखाली गेले. पुढे भांडी घासूनपुसून जागेवर लागली, गाद्या नव्याने भरून घेतल्या, कपाटही सुताराने पुन्हा उभे करून दिले; पण चिखलात भिजून लगदा झालेल्या पुस्तकांना कोण उभे करणार? त्यांत ‘श्री सयाजी बालज्ञानमाले’तील एक छोटेसे पुस्तक होते. आमच्या आईंना ते शाळकरी वयात बक्षीस मिळालेले. सयाजीराव महाराजांच्या राजवटीत बडोदे संस्थानाने या मालेतून आणि ‘श्री सयाजी साहित्यमाले’तून मराठी व गुजराती भाषांत कितीतरी पुस्तके काढली. या शहरातील जुन्या मराठी घरांत त्यांतले एखादे तरी सापडतेच. आईंचे वय आज शहाऐंशी. दागिना हरवल्याचे दुःखही त्यांनी कधी बोलून दाखवले नव्हते; या पुस्तकाबद्दल मात्र त्या दोनतीनदा म्हणाल्या, “बाकी काही नको रे. तेवढं एक कुठं मिळालं तर बघा.”

आम्ही उभयतांनी शोध आरंभला. जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घातली, ओळखीच्या घरी चौकशी केली. अखेर मार्च २०२५ मध्ये एका ऑनलाइन लिलावात ते दृष्टीस पडले. महाराष्ट्रातील एका मोठ्या शहरातील विक्रेत्याने ते मांडले होते आणि पहिली बोली होती अवघ्या ४९ रुपयांची. वर्णनाच्या शेवटी बारीक अक्षरांत ‘टपालखर्च वेगळा’ असे दोन शब्द होते. त्यांकडे आम्ही पाहून न पाहिल्यासारखे केले. तीन दिवस बोली चालली आणि १२१ रुपयांना पुस्तक आमचे झाले. आम्ही एकमेकांकडे मोठ्या विजयी मुद्रेने पाहिले. दहा मिनिटांत बिल आले: पुस्तक १२१ रुपये, टपाल व हाताळणी ६४० रुपये, एकूण ७६१ रुपये!

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. पण ती आपल्याच ताटात वाढली जाते तेव्हा तिची चव कळते. नाही म्हणावे तर आईंना आशा लावून बसलो होतो. निमूटपणे पैसे भरले. आठवड्याने पुडके आले. आत वर्तमानपत्राचे दोन कागद, बाहेर प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीवर टपालखात्याची पावती चिकटवलेली: वजन २६० ग्रॅम, हशील ७० रुपये ८० पैसे. पुस्तकाचा एक कोपरा वाटेत दुमडला होता. आईंनी ते हातात घेतले, उघडून आधी त्याचा वास घेतला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आमचा निम्मा राग तेथेच विरघळला. उरलेल्या निम्म्याचे काय करावे, हा या लेखाचा विषय आहे.

वहीतील एकच आकडा

आईंना रोजच्या खर्चाची वही लिहिण्याची सवय आहे. त्या रात्री त्यांनी लिहिले, ‘पुस्तक – ७६१’. आम्ही म्हटले, “आई, पुस्तक १२१चं. बाकीचं टपाल.” त्या चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, “पाकिटातून गेले किती?”

या एका प्रश्नात सारे काही आले. वस्तूची किंमत आणि तिचे वाहतूकभाडे हे विक्रेत्याने पाडलेले दोन तुकडे असतात. घेणाऱ्याच्या पाकिटातून जातो तो एकच आकडा. बोली लावताना आपण एका तुकड्याकडे टक लावून बसतो आणि दुसरा तुकडा मागल्या दाराने घरात शिरतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांना हा विषय अधिक जवळचा आहे. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद वा बडोदे, कोठेही असा. मराठी पुस्तक, दिवाळी अंक, जुनी ध्वनिमुद्रिका, यांतले बरेचसे दुरून मागवावे लागते. हशील आपल्या पाचवीलाच पुजलेले आहे. आमच्या आधीच्या पिढीने ते व्ही.पी.ने भरले. भारतात १८७७ साली सुरू झालेल्या या पद्धतीत पोस्टमन पुडके घेऊन दारात उभा राही, आणि पैसे त्याच्या हाती ठेवल्यावर पुडके आपल्या हाती येई. पुण्यामुंबईच्या प्रकाशकांच्या सूचीत किमतीखाली ‘टपालहशील वेगळे’ असे छापलेले असे. परंतु त्या ‘वेगळे’ शब्दाला एक मर्यादा होती. टपालाचे दर सर्वांना ठाऊक असत, पुडक्यावर तिकिटे डकवलेली असत आणि घरातले शाळकरी पोरही त्यांची बेरीज करू शके. आजच्या ‘टपाल व हाताळणी’ या जोडशब्दात टपालाची बेरीज करता येते. हाताळणीची कोणी करावी?

हे दुखणे कोठून आले?

हा प्रकार एखाद्या विक्रेत्याच्या स्वभावदोषातून जन्मलेला नाही. त्यामागे व्यवहाराची एक चाल आहे, आणि ती ऑनलाइन लिलावाच्या मूळ घरीच, अमेरिकेत, प्रथम रुजली. पिएर ओमिड्यार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये ‘ऑक्शनवेब’ नावाने जो लिलाव सुरू केला, तोच पुढे ‘ईबे’ या नावाने जगभर गेला. विक्री झाली की अंतिम बोलीच्या प्रमाणात विक्रेत्याने ईबेला दलाली द्यायची, असा नियम होता. ही दलाली बोलीवर असे, वाहतूकभाड्यावर नसे. चतुर विक्रेत्यांनी फट हेरली. दहा डॉलरची वस्तू एका डॉलरला मांडायची आणि भाडे नऊ डॉलर लावायचे, म्हणजे दलाली एकाच डॉलरवर! शिवाय स्वस्तापासून महागाकडे लावलेल्या यादीत आपली वस्तू सर्वांच्या वर दिसते, हा लाभ निराळाच. घेणारा वस्तू सदोष म्हणून परत करू लागला, तर जेथे फक्त वस्तूची किंमत परत देण्याची अट असे, तेथे भाड्याची मोठी रक्कम विक्रेत्याच्याच खिशात राही.

तक्रारी वाढल्या तसे उपायही आले. २००७ मध्ये ईबेने खरेदीदारांना विक्रेत्याचे गुण चार बाबींत देण्याची सोय केली. त्यांतील एक बाब वाहतूक व हाताळणी खर्चाचीच होती. २००८ मध्ये काही प्रकारच्या वस्तूंसाठी भाड्याची कमाल मर्यादा ठरवून दिली. खरा घाव बसला तो २०११ मध्ये. त्या वर्षापासून अमेरिकेत बोली आणि भाडे या दोहोंच्या बेरजेवर दलाली आकारली जाऊ लागली, आणि रक्कम एका खिशातून दुसऱ्या खिशात लपवण्याचे मुख्य कारणच उरले नाही. वर्षानुवर्षे उपदेशाने जे साधले नव्हते, ते हिशेबाचा नियम बदलताच बरेचसे साधले.

भारतात ‘बाझी डॉट कॉम’ हे संकेतस्थळ २००४ मध्ये ईबेने विकत घेतले आणि आपल्याकडील अनेकांनी ऑनलाइन बोलीचा पहिला अनुभव तेथे घेतला. ईबेचे ते भारतीय दालन ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. पण लिलावाची हौस बंद झाली नाही. नाणी, तिकिटे, जुनी पुस्तके, पितळी वस्तू यांचे लिलाव आज निरनिराळ्या संकेतस्थळांवर चालतात, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतूनही बोली लागते. दुकान बदलले, जुनी युक्ती मात्र सोबत आली.

मन कोठे घसरते

आमच्यासारखी हिशेबी माणसे यात कशी सापडतात, याचे उत्तर तंजीम हुसेन आणि जॉन मॉर्गन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ईबेवरच शोधले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात त्यांनी संगीताच्या तबकड्या आणि व्हिडिओ-खेळ लिलावात मांडले. एकसारखीच वस्तू एकदा चार डॉलरच्या पहिल्या बोलीने आणि विनाभाडे; दुसऱ्यांदा पहिली बोली एका सेंटची आणि भाडे ३ डॉलर ९९ सेंट. दोन्हींची बेरीज तीच. तरीही दुसऱ्या पद्धतीला बोली लावणारे अधिक आले आणि विक्रेत्याच्या हाती एकूण पैसाही अधिक पडला. मात्र त्याच प्रयोगात तबकड्यांवरचे भाडे सहा डॉलरपर्यंत नेल्यावर हा लाभ नाहीसा झाला. भाडे डोळ्यांत खुपण्याइतके मोठे झाले की माणूस जागा होतो. ते डोळ्यांआड असेल तेव्हा गाफील राहतो. आमच्या बाबतीत तर आकडाच लिहिलेला नव्हता, मग खुपणार काय?

नाण्याची दुसरी बाजू

येथे थोडे थांबून विक्रेत्याची बाजूही पाहिली पाहिजे. त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही दक्षिणेतील एका विक्रेत्याची पितळी समई पाहिली. भाडे ऐकून पुन्हा भांडणाच्या पवित्र्यात उभे राहिलो. विक्रेत्याने शांतपणे हिशेब पाठवला. समईचे वजन अडीच किलो. पण ती वाकू नये म्हणून घेतलेली पेटी ४५ सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि २० उंच. कुरियरवाले पुष्कळदा वजनाबरोबर आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी व उंची यांच्या गुणाकाराला सामान्यतः ५००० ने भागतात आणि येणारे किलो प्रत्यक्ष वजनापेक्षा अधिक असतील तर आकार त्या किलोंवर लावतात. या पेटीचा गुणाकार १८,००० आला, म्हणजे आकारमानाने वजन ३.६ किलो. शिवाय पेटी, फुगेदार कागद, चिकटपट्टी आणि कचेरीपर्यंतची रिक्षा. सारे धरून त्याने मागितलेली रक्कम रास्तच होती. आम्ही मुकाट्याने आभार मानले, आणि समई आली ती एकही चरा न पडता.

पुस्तके पाठवणाऱ्यांची अडचणही खरी आहे. छापील पुस्तकांसाठी टपालखात्याची स्वस्त नोंदणीकृत बुकपोस्टाची सोय होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. पुढे १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा आली. तिच्यात अटींत बसणारी शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक व धार्मिक पुस्तके ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांत आणि ५ किलोपर्यंत १०० रुपयांत, अधिक कर, जमिनीवरील वाहतुकीने पाठवता येतात. पुस्तक मागवताना ‘ज्ञान पोस्टाने पाठवता येईल का?’ असा एक प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा. अनेकांना ही सेवा ठाऊकच नसते.

म्हणून भाडे जास्त दिसले की ‘लुबाडणूक’ म्हणून ओरडू नये. प्रत्यक्ष हशील, बांधणीचे साहित्य आणि श्रमाचे चार पैसे हे विक्रेत्याचे हक्काचे आहेत. आक्षेप आहे तो त्यांच्या आड दडवलेल्या नफ्याला, आणि सर्वांत अधिक तो आकडा आधी न सांगण्याला.

बोलीपूर्वीचे शहाणपण

आम्ही ठेच लागून शिकलो ते वाचकांना ठेच न लागता शिकता यावे, एवढाच पुढील सूचनांचा हेतू.

पहिली गोष्ट, भाड्याचा आकडा लेखी मिळाल्यावाचून बोली लावू नये. आपला पिनकोड कळवून ‘पोच धरून एकूण खर्च किती?’ असे विचारावे. उत्तर टाळणाऱ्या विक्रेत्याने उत्तर दिलेच आहे, असे समजावे.

दुसरी गोष्ट, आपली मर्यादा एकूण रकमेची ठरवावी आणि बोली तिच्यातून भाडे वजा करून लावावी. एखाद्या पुस्तकासाठी पाचशे रुपये खर्चण्याची तयारी असेल, तर ८० रुपये भाडे सांगणाऱ्याकडे ४२० पर्यंत जावे. ३५० रुपये भाडे सांगणाऱ्याकडे १५० लाच हात आखडावा. मग भाडे किती का असेना, आपली फसगत होत नाही. सगळ्यांनीच असे केले तर फुगवलेल्या भाड्याच्या वस्तूवर बोलीच चढणार नाही.

तिसरी गोष्ट, एकाच विक्रेत्याकडून दोनतीन वस्तू घेतल्यास एकत्र बांधणीची सवलत आधीच ठरवून घ्यावी. एका पिशवीत तीन पुस्तके येत असताना तीनदा भाडे भरण्याचे कारण नाही. नातेवाईक वा शेजारी मिळून मागवल्यास ही बचत आणखी वाढते.

चौथी गोष्ट, ‘टपालाचे पैसे निराळे माझ्या खात्यावर पाठवा’ असे कोणी म्हटल्यास सावध व्हावे. संकेतस्थळाच्या बाहेर दिलेल्या पैशांची दाद तेथे लागत नाही. वस्तूचे वर्णन, भाड्याचा आकडा आणि झालेला पत्रव्यवहार यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. लिलाव संपल्यावर पाने बदलतात, पुसलीही जातात.

बोली जिंकल्यावर दाद कोठे?

एवढे करूनही भाडे अवाच्या सव्वा लागलेच, तर प्रथम सभ्य शब्दांत, पण आकड्यांसह पत्र लिहावे. आम्ही पुडक्यावरील पावतीचे छायाचित्र जोडून विक्रेत्याला लिहिले: हशील ७१ रुपये धरू, बांधणीचे साहित्य ४०, रिक्षा ६०, आपल्या श्रमांचे ५०, एकूण २२१. आपण घेतले ६४०. उरलेले ४१९ रुपये परत करावेत. ‘हाताळणीचा खर्च असतो’ एवढेच उत्तर आले. आम्ही तेच पत्र संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे धाडले.

येथे कायदा आपल्या बाजूस उभा आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोडही दाखवली पाहिजे. त्या फोडीत पोच, टपाल व हाताळणी यांचे आकार येतात. लिलावात अंतिम बोली आधी सांगता येत नाही हे मान्य. भाडे मात्र सांगता येते. याच नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावयाची आणि एका महिन्यात तिचे निवारण करावयाचे असते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने ग्राहकाला भुलवणाऱ्या तेरा ऑनलाइन क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. किमतीचे घटक आधी न सांगता थेंबाथेंबाने पुढे आणणे ही त्यांतलीच एक क्लृप्ती. मात्र एक लक्षात असू द्यावे. घरातली जुनी वस्तू एखाद्या वेळी विकणाऱ्या व्यक्तीला हे ई-कॉमर्स नियम लागू होत नाहीत. ते नियमितपणे व्यापार करणाऱ्यांसाठी आहेत.

संकेतस्थळाने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते, हे परप्रांतातील आपल्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगावे. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. चारशे रुपयांसाठी आयोगापर्यंत जावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण तो दरवाजा आहे हे ठाऊक असलेल्या माणसाच्या पत्राला निराळा वजनदारपणा येतो.

आमच्या तक्रारीची पोच दुसऱ्या दिवशी आली आणि तेविसाव्या दिवशी ३५० रुपये परत जमा झाले. सगळे आले नाहीत. थोडा दोष आमचाही होता. ‘टपालखर्च वेगळा’ हे दोन शब्द आम्ही वाचले होते आणि ‘वेगळा म्हणजे किती?’ हा प्रश्न विचारला नव्हता. राहिलेले ६९ रुपये आम्ही त्या प्रश्नाची फी समजतो.

आईंनी वही काढून ७६१ वर रेघ मारली आणि शेजारी ४११ लिहिले. पुस्तकाचा दुमडलेला कोपरा त्यांनी उशीखाली ठेवून ठेवून सरळ केला आहे. अलीकडे त्याच मालेतील आणखी एक पुस्तक लिलावात आल्याचे आम्ही त्यांना सांगितले, तेव्हा बोली किती आहे, हे त्यांनी विचारलेच नाही. वही उघडून, लेखणी हाती घेऊन त्या म्हणाल्या, “घरी येईपर्यंत किती पडेल, ते आधी सांगा.”